हवा सार्वजनिक आहे

रेडिओच्या सुवर्णकाळावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. त्या लिखाणात बहुतेक वेळा एक दिवाणखाना असतो. कोपऱ्यात लाकडी मर्फी, त्यावर विणलेला रुमाल, आणि आरामखुर्चीत वडील. ते खोटं नाही. पण रेडिओच्या लहरी काही दिवाणखान्याच्या भिंतीशी थांबत नव्हत्या. त्या पुढं जात होत्या. दौंडच्या रेल्वे चाळीत शिरत होत्या, शिरूर तालुक्यातल्या गावकुसाबाहेर पोचत होत्या. तिथं त्या कुणी ऐकल्या, कुठं बसून ऐकल्या, ऐकून काय झालं, हे कुणी लिहायचं? आपणच लिहायला पाहिजे. म्हणून हा खटाटोप.

मी सव्वीस वर्षांचा. साखर कारखान्यात मिल सेक्शनला आहे. दहावीत शाळा सुटली. थोडी मराठी शाळेनं दिली, उरलेली आज्याच्या ट्रान्झिस्टरनं. तेव्हा आधीच सांगतो, रेडिओ मला मनापासून आवडतो. आवडतो म्हणूनच त्याचा हिशोब मांडायचाय.

आजा दौंडला रेल्वेत गँगमन. खांद्यावर हातोडा, पायाखाली खडी. दौंड म्हणजे जंक्शन, मनमाडची लाईन इथूनच फुटते. कॉलनीत साऱ्या मुलखाची माणसं. आजा सांगायचा, संध्याकाळी लाईनीनं चालत घरी आलं की एका दारातून तमिळ, दुसऱ्या दारातून हिंदी, तिसऱ्यातून मराठी रेडिओ ऐकू यायचा. स्वतःचा मात्र नव्हता. जुना दिव्यांचा रेडिओ म्हणजे घरात वीज पाहिजे, छपरावर दोन बांबूंना ताणलेली तांब्याची तार पाहिजे, आणि मुळात घर पाहिजे. ट्रान्झिस्टर आला आणि हे सगळं गळून पडलं. सेलवर चालणारं, काखेत बसणारं यंत्र. ज्याच्या घरात वीज नाही त्याच्याही घरात दिल्ली बोलायला लागली. १९६८ साली आज्यानं एक जुना, दोन बँडचा ट्रान्झिस्टर घेतला.

त्या काळी रेडिओला लायसन लागायचं. पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची, पुस्तकावर तिकीट-शिक्का मारून घ्यायचा. पुढं १९८० च्या दशकात ही भानगड सरकारनं मोडीत काढली. पण आज्यानं ते पुस्तक टाकलं नाही. पत्र्याच्या पेटीत, नोकरीच्या कागदांबरोबर जपून ठेवलं. तो म्हणायचा, "आपल्या नावावर सातबारा न्हाई, पण लायसन हाय." हसून म्हणायचा, पण ते हसण्यासारखं नव्हतं. महारकी वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. वतन होतं तेव्हा कागदावर फक्त राबणूक होती. आज्याच्या नावानं मालकीचा सरकारी शिक्का पहिल्यांदा पडला तो रेडिओवर. जमिनीवर नाही, हवेतल्या आवाजावर.

आता आजीची बाजू. आजीचं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या अंगाचं. तिच्या लहानपणी गावाला सरकारी रेडिओ आला. सामुदायिक म्हणायचे त्याला. सामुदायिक म्हणजे सगळ्यांचा, असं आपल्याला वाटतं. तो ठेवला चावडीत. चावडीच्या वर गाव बसायचं, पायरीखाली आपली माणसं. रेडिओची बॅटरी उतरली की ती डोक्यावर घेऊन शिरूरला चार्ज करायला कोण जाणार? येसकर. म्हणजे माझा पणजा. बॅटरी आमच्या डोक्यावर आणि बातम्या त्यांच्या पुढ्यात, असा तो समुदाय.

पण आजी एक गोष्ट सांगते ती मला फार मोलाची वाटते. ती म्हणते, "पानी वरून वाढायचे, भाकर वरून टाकायचे. पर रेडूचा आवाज काय वरून टाकता येतुया? त्यो ज्याच्या कानात गेला त्येचा." विहीर बाटते, देऊळ बाटतं, कपबशी बाटते. आवाज बाटत नाही. पायरीवरच्याला जे वाक्य जेवढं ऐकू आलं तेवढंच पायरीखालच्या पोरीला ऐकू आलं. गावाच्या हातात नसलेली ही पहिली वस्तू असावी.

याच सुमाराला पुणे केंद्रावर एक मोठा प्रयोग झाला. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंडळं काढली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, एकूण वीस. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, मग बोलायचं, मग काही करायचं. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांची. मंडळानं प्रश्न लिहून पाठवायचे, केंद्रानं पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायची. रेडिओ नुसता बोलत नाही, ऐकतोही, हे या देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा इथं करून बघितलं. पुढं १९५९ पासून ही मंडळं देशभर नेली. मित्रांनो, आपण अभ्यासवर्ग चालवतो त्याची रीत यापेक्षा फार वेगळी नाही. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, मग वाद होतो, मग कामाला लागायचं. रीत चांगली होती. प्रश्न फक्त एवढाच, की गोलात कोण बसलं आणि गोलाबाहेर कोण उभं राहिलं.

आता आनंदाचं बोलू. आनंद नव्हता असं म्हणणं म्हणजे आपल्याच माणसांवर अन्याय. दिवसभर खडी फोडून आलेला माणूस रात्री काय करणार? आज्याचा बुधवार ठरलेला. रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला. ३ डिसेंबर १९५२ ला ती सुरू झाली. त्याच वर्षी बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी सिनेसंगीत हलकं ठरवून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं. लोकांनी काय केलं? काटा फिरवला. समुद्रापलीकडच्या कोलंबोहून, लढाईच्या काळात इंग्रजांनी फौजेसाठी उभारलेल्या ट्रान्समीटरवरून आपलीच गाणी ऐकली. शॉर्टवेव्हची लहर वर आकाशातल्या थराला आपटून खाली येते, म्हणून एवढ्या लांबून ऐकू येते. मध्येच आवाज विरतो, परत येतो. आजा म्हणायचा, लाटेवरची नाव असावी तसं गाणं यायचं. शेवटी सरकारला झुकावं लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघाली ती याच धक्क्यानं. हवामहल, जयमाला, छायागीत, ही सगळी त्या काटा फिरवणाऱ्या बोटांची कमाई. सत्तेनं 'हे ऐका' म्हटलं आणि लोकांनी शांतपणे दुसरं स्टेशन लावलं. मोर्चा न काढता जिंकलेली ही लढाई आहे, तिची नोंद आपल्याकडं पाहिजे.

गीतमालेचे अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्यांच्या बोलण्याची गोडी सगळे सांगतात. ती कुठून आली हे थोडे सांगतात. त्यांची आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' नावाचं पत्र काढायची. सोपी हिंदुस्थानी, छापलेली देवनागरी, उर्दू आणि गुजराती लिपीत. पोरगा त्या कामात हातभार लावत वाढला. ज्याला आताच अक्षर ओळखू यायला लागलंय त्याला कळेल असं बोलायचं, हा त्या गोड आवाजामागचा नियम. आणि 'बहनों और भाइयों' म्हणताना बहिणी आधी. आपल्यातले काही कार्यकर्ते माइक हातात आला की असे शब्द वापरतात की वस्तीतली म्हातारी उठून चूल पेटवायला जाते. त्यांनी सयानी ऐकावेत. सोपं बोलणं म्हणजे हलकं बोलणं नव्हे. आपल्या माणसाला मान देणं आहे ते.

'आपली आवड' या कार्यक्रमाला आजा कार्डं टाकायचा. गाण्याची फर्माईश करणाऱ्यांची नावं निवेदिका वाचायची, गावासकट. एकदा आज्याचं नाव वाचलं. पहिलं नाव, आडनाव, रेल्वे कॉलनी, दौंड. आपलं आडनाव म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. शाळेत हजेरीला ते उच्चारलं की माना वळतात. तेच आडनाव निवेदिकेनं दोन बाकीच्या आडनावांच्या मधे, त्याच स्वरात, त्याच अदबीनं वाचलं. पुढं 'यांच्या आवडीचं गीत'. दुसऱ्या दिवशी पेठेतला किराणा दुकानदार आज्याला म्हणाला, "काल तुमचं नाव ऐकलं." तुमचं! त्या दिवसापर्यंत 'ए' होतं. आजा सांगायचा, "दोन दिस टिकलं त्ये 'तुमी'. मंग परत 'ए'." पण दोन दिवस टिकलं. दोन दिवस टिकवता येतं, तर कायमचं का टिकवता येणार नाही, हा प्रश्न त्या पोस्टकार्डानं विचारून ठेवलाय.

मुंबई केंद्राचा 'प्रपंच', मग 'पुन्हा प्रपंच'. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी. आजा त्यांची नक्कल करायचा आणि चाळ हसायची. फक्त आवाजावर माणूस उभा करायचा, कपबशीच्या किणकिणीवर घर उभं करायचं, ही मोठी कला. मी ती मानतो. पण आज्यानं ऐकलेल्या, मला सांगितलेल्या एवढ्या भागांत त्या घरात आपल्यातलं कुणी चहाला आलं नाही. त्यामुळं त्या घरात वेगळी कपबशी नव्हती, आणि त्या घराला तिची लाजही नव्हती. पंतांचा प्रपंच गोड होता. आमच्या प्रपंचाला माइक नव्हता.

आणि 'गीतरामायण'. हे टाळून पुढं जाता येणार नाही. १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत पुणे केंद्रावर दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, कार्यक्रम उभा केला तो सीताकांत लाड यांनी. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे असं सांगतात. त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. रामाला देव मानणार नाही, हे त्या बावीस प्रतिज्ञांत आहे. एका हवेत सहा महिन्यांच्या अंतरानं या दोन गोष्टी घडल्या.

अभ्यासवर्गात एका पोरानं मला विचारलं, "दादा, तुम्ही ह्या चाली गुणगुणता, हे चालतं का?" त्याला मी आज्याचं सांगितलं. आज्यानं दीक्षा घेतल्यावर घरातले देव भीमेत सोडले. ते परत कधी आणले नाहीत. पण फडक्यांची चाल लागली की हातातलं काम थांबवायचा. म्हणायचा, "कान द्यावा, मान दिऊ न्हाई." चाल कशी बांधली, श्वास कुठं घेतला, शब्द कुठं सोडला, हे ऐकून घ्यायचं. रेडिओला उदबत्ती लावायची नाही. कलेचा आनंद ही कुणाची इनामी जमीन नाही. ती ऐकताना आपण कोण आहोत हे विसरायचं नाही, एवढंच पथ्य. ज्याला आपली प्रतिज्ञा एका चालीनं ढासळेल अशी भीती वाटते त्यानं प्रतिज्ञा परत एकदा नीट वाचावी.

हिशोबातली खरी बाकी पुढं आहे. आपली वाद्यं, आपले गळे कुठं होते? पेटीचंच बघा. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी. भारतीय संगीताच्या श्रुती तिच्यात बसत नाहीत म्हणून. १९७१ ला ती काही अंशी उठली. शास्त्राचा वाद शास्त्रीवाल्यांनी करावा. पण पेटी हे कुणाचं वाद्य? भजनाचं, तमाशाचं, जलशाचं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापासून ते वस्तीतल्या गायनपार्टीपर्यंत पेटी, ढोलकी आणि टाळ्या यावरच आपली चळवळ गावोगाव गेली. विठ्ठल उमपांसारखा बुलंद गळा आकाशवाणीवर आला, पण लोकसंगीताच्या दारातून. जलसा हा जलसा म्हणून, त्याच्या सवाल-जवाबासकट, त्याच्या आगीसकट त्या सुवर्णकाळात किती वाजला? आजीनं जात्यावर भीमाच्या ओव्या गायल्या. पहाटे चारला. त्याच पहाटेनंतर दोन तासांनी रेडिओ सुरू व्हायचा आणि भक्तिगीतं लागायची. दोन्ही आवाज एकाच खोलीत. एक लाखोंना ऐकू जायचा, दुसरा पिठात पडायचा.

बाबासाहेब मात्र माइकसमोर आले होते, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे? नोव्हेंबर १९४२ मध्ये, मजूरमंत्री असताना, मुंबई केंद्रावरून ते कामगारांविषयी बोलले. भारतीय कामगाराला हे युद्ध का जिंकायचंय, असा विषय. त्यात त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांचा कामगाराच्या बाजूनं अर्थ लावला. समान संधी, खास हक्कांचा शेवट, आणि माणसामाणसांतलं भाऊपण. नुसता राज्यकर्ता बदलून कामगाराचं भागत नाही, हेही. मग ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवरूनच सांगितलं, की ही तीन तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाकडून घेतली. मे १९५६ मध्ये बीबीसीवर बुद्धधम्म आपल्याला का भावतो ते सांगितलं. मिलमध्ये काम करणारा मी, १९४२ चं ते भाषण छापील वाचतो तेव्हा मोठ्यानं वाचतो. ते कानासाठी लिहिलेलं आहे. डोळ्यानं वाचलं तर अर्ध मिळतं.

आणि ६ डिसेंबर १९५६. आजा तेव्हा सोळा वर्षांचा. दौंड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर रेडिओ होता, तिथं बातमी कळली. तो सांगायचा, टपरीत सगळ्या जातीचे लोक होते, बातमी सगळ्यांनी ऐकली, पण खाली बसलो ते आम्हीच. रात्रीच्या गाडीनं वस्तीतले जमतील तेवढे मुंबईला गेले. रेडिओ नसता तर बातमी गावात पोचायला दोन दिवस लागले असते आणि ७ तारखेची दादर चौपाटी हुकली असती. ते यंत्र आपलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यानं आपल्याला वेळेवर सांगितलं. एवढं ऋण मानतो.

मिल सेक्शनला रेडिओ चालत नाही. उसाच्या मोळ्या गव्हाणीत पडतात, रोलर फिरतात, टर्बाइनचा आवाज असा की शेजारच्याशी हातवाऱ्यानं बोलावं लागतं. रात्री आठची पाळी पहाटे चारला सुटते. मग अर्धा तास कानात नुसती घूं घूं. ती निवली की मोबाईलवर जुनी रेकॉर्डिंगं लावतो. हवामहलच्या नाटिका, गीतमालेचे तुकडे, कधी जुन्या मुलाखती. कविता लिहायला मी इथंच शिकलो. शब्द कागदावर कसा दिसतो हे मला फारसं कळत नाही. तोंडात कसा वळतो ते कळतं. ओळ म्हणून बघायची, दम लागला की तिथं तोडायची. निवेदक वाक्याआधी जो क्षणभर थांबतो त्या थांबण्यात किती बळ असतं, ते मला छंदशास्त्राच्या पुस्तकानं सांगितलं नसतं. ते पुस्तक माझ्यापर्यंत आलंच नाही. आवाज आला.

आता शेवटचा मुद्दा. यासाठीच हे सगळं लिहिलं. जून १९२३ मध्ये मुंबईत रेडिओ क्लबनं या देशातलं पहिलं प्रसारण केलं. त्याच १९२३ च्या ऑगस्टात मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडून पास केला. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा. आणि त्याच वर्षी २३ जुलैला मुंबई रेडिओ केंद्र रीतसर सुरू झालं. पाणी आणि हवा, दोन्हींचा इतिहास असा हातात हात घालून चाललाय.

पुढं ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात स्वच्छ आहे, की रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची खाजगी नाही, शेठजीचीही नाही. म्हणजे तळं खुलं झालं. पण खुलं होणं आणि पाणी पिणं यात महाडला तीन वर्षं गेली. इथं किती गेली ते मोजा. दरम्यान शेठजींनी एफएमची स्टेशनं घेतली. २००६ साली सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळाली, तीही स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत या अटीवर. तरी १५ ऑक्टोबर २००८ ला आंध्रात, आजच्या तेलंगणात, माचनूरला दलित बायांनी 'संघम् रेडिओ' सुरू केला. शेतमजुरी करणाऱ्या बाया. बियाणं, पाऊस, आजारपण, गाणी, सगळं त्यांच्या बोलीत. ज्यांचा आवाज पिठात पडत होता त्यांनी तो हवेत सोडला.

आपल्याला उद्या केंद्र काढता येणार नाही, पैसे नाहीत. पण प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारं यंत्र आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुणे जिल्ह्यातूनच सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात भीमाच्या ओव्याही आहेत. ते काम आपण आपल्या वस्तीत करायचंय. जलशातले, गायनपार्टीतले म्हातारे अजून आहेत. दर हिवाळ्यात एकेक कमी होतोय. त्यांच्याकडं जा. गाणं घ्या, कुणाकडून शिकले ते घ्या, गाव आणि तारीख म्हणून घ्या. आजी आता ऐंशीची आहे. गेल्या भीमजयंतीला तिच्या एकसष्ट ओव्या मी टिपल्या. मधेच ती थांबली आणि विचारलं, "ह्ये कोन ऐकनार?"

तिला मी तुमचं नाव सांगितलंय. लाज राखा.

जय भीम.